झिनियाच्या कळ्या

काकू झारी घेऊन बागेत आल्या आणि तिथेच ओरडल्या, "गेल्या! आणखी सहा गेल्या!"

आत काका चहात बिस्किट बुडवत होते. "काय गेलं?"

"कळ्या! काल पाच, आज सहा. झिनियाच्या शेंड्यावरच्या, अगदी टपोऱ्या. कुणाच्या डोळ्यात सलतेय हो माझी बाग?"

"पाखरं असतील."

"पाखरं कात्री घेऊन येतात का? या, बघा, कसं सरळ कापलंय!"

काका उठले नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं होतं. दिलेल्या तारखेला कपडा तयार नाही असं एकदाही झालं नाही, एवढाच त्यांना अभिमान. बाकी घर बुडालं तरी या माणसाचा चहा थांबणार नाही, असं काकूंचं मत होतं. आज तर त्यांना झारी फेकून मारावीशी वाटली.

कारण या रविवारी लेक येणार होती. सहा वर्षांनी. आणि आज गुरुवार होता.

काकांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. ठकी हे लाडाचं नाव त्यांनीच ठेवलेलं. पण ठकीनं मालवाहू बोटीवर स्वयंपाकाची नोकरी धरली आणि बाप भडकला. "एवढं शिकवलं ते बोटीवर भांडी खरवडायला? गेलीस तर या घरात तुझं नाव निघणार नाही!" तीही बापाचीच लेक, गेली. तेव्हापासून काकांनी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं तर ते उठून जात.

बोट बंदराला लागली की ठकी घरी फोन करायची. काका फिरायला गेले असतील अशी वेळ साधून. मागच्या महिन्यात म्हणाली, "आई, सुट्टी मिळालीय. बाबांना सांगू नकोस, एकदम दारात उभी राहीन. बाग फुललेली असेल ना गं?"

त्या दिवसापासून काकू झाडांवर टपून होत्या. ऊन वाढत चाललं होतं. या उन्हात उमललेलं फूल आठ दिवसांत करपतं, म्हणून त्यांनी दिवस मोजून खत घातलं, पाणी घातलं. ठकी लहानपणी त्या झिनियात लपून बसायची आणि काका मुद्दाम दुसरीकडे शोधायचे. ती पुन्हा त्या फुलांत उभी दिसली तर म्हातारा विरघळेल, एवढीच काकूंची आशा होती. आणि नेमक्या त्याच कळ्या कुणीतरी खुडत होतं.

काकांवर त्यांचा आणखीही एक राग होता. मंगळवारी त्या आंघोळीला गेल्या असताना फोन खणखणला होता. तोंडाला साबण तसाच ठेवून त्या आतून ओरडल्या, "कुणाचा आहे हो?"

"राँग नंबर."

"मग इतका वेळ काय बोलत होता?"

"मी कुठे बोललो? समोरचाच सुटला होता. माझं ऐकेल तर शपथ."

हे असं. फोन धड घेता येत नाही, बागेकडे लक्ष देता येत नाही. काकू चप्पल घालून तरातरा रोपवाल्याकडे गेल्या.

"घाबरू नका," रोपवाला म्हणाला. "शेंड्याची कळी खुडली की बगलेतून फुटवे येतात. वीसेक दिवसांत दुप्पट फुलं. परवाच एका गिऱ्हाईकाला समजावलं."

"मला रविवारी फुलं हवीत! वीस दिवसांनी काय डोक्यावर घेऊ?"

"रविवारी? मग अवघड आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या कुंडीकडे वळला.

परतताना त्या शेजारणीच्या दारात उभ्या राहिल्या. दिवसभर गॅलरीत उभी असते म्हणून काकूंनी तिला दुर्बीण नाव ठेवलं होतं.

"माझ्या कळ्या तुम्हीच नेता ना?"

दुर्बीण हसली. "मला कशाला हव्यात तुमच्या कळ्या? पहाटे पाचला उठून बघा. मी आणखी काही बोलणार नाही."

शुक्रवारी पहाटे काकू उठल्या. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. मागचं दार उघडं.

बागेत काका उकिडवे बसले होते. नाकावर चष्मा, हातात दोरे कापायची छोटी कात्री, मांडीवर पसरलेला रुमाल. रुमालात कळ्या.

"तुम्ही?" काकूंचा आवाज असा फुटला की गॅलरीत दिवा लागला. "लाज नाही वाटत? सहा वर्षं पोरीवर राग धरला तो पुरला नाही, आता झाडांवर काढताय?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! ऐका आता. रविवारी माझी लेक येतेय! तिच्यासाठी लावलीय ही बाग. तुमच्यापुढे हात जोडायचे तेवढे जोडून झाले, आता फुलं तरी तुम्हाला नरम करतील म्हणून मर मर राबले. आणि तुम्ही एकेक कळी मारताय!" त्या मटकन पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या.

काकांनी पुढची फांदी जवळ ओढली, चष्मा सारखा केला, शेंड्याची कळी कापून रुमालात ठेवली.

"रविवारी नाही," ते म्हणाले. "ठकीची बोट वीस दिवसांनी लागणार आहे."