सुकेळ्यांचा ब्रेड

नाताळच्या दुपारी वसईच्या घरात रेजिनाने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घातलेला ब्रेड ओव्हनमधून काढला. "ईस्टरला हाच कॅनडात लेकीकडे करीन," ती नवऱ्याला म्हणाली. "तिकिटं कधी काढतोस?"

बस्त्यावने मोबाइल पालथा ठेवला. निवृत्तीनंतर तो चलनाचे सौदे करायला शिकत होता.

"तिकिटांचे पैसे गेले, रेजिना. डॉलर वधारेल म्हणून लावले आणि तो घसरला. वाटलं होतं, तुला बिझनेस क्लासने नेईन."

रेजिनाने सुरी घेतली, ब्रेडचा त्याला आवडणारा खरपूस कडेचा तुकडा कापला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"भांडेन उद्या," ती म्हणाली. "लेकीला फोन मात्र आत्ताच लाव. आणि तूच सांग."