नर पपई

"तोडा की हो ताई ते वांझोटं झाड! नुसतं फुलतं, फळ एक नाही," कुंपणापलीकडून धाकटी जाऊ हसत म्हणाली.

वाटणीत विहीर तिच्याकडे गेली. तेव्हापासून फाल्गुन लागला की माझी पेरू-लिंबं सुकतात. मी पाणी मागेन म्हणून ती वाट बघते. मी मागत नाही.

कोयता घेऊन मी पपईपाशी गेले. "तोडते. पण ऐकून ठेव, हे नर झाड आहे. त्याच्यावाचून तुझ्या चार पपयांना फळ धरायचं नाही."

"काहीतरीच!"

"मी शाळा दुसरीत सोडली. तुझा भाऊ शेतकी शिकलाय ना, त्याला विचार."

तिनं तिथंच फोन लावला. ऐकता ऐकता तिचं हसू उतरलं. मी पहिला घाव घातला, बुंध्यातून पांढरा चीक ओघळला.

"ताई, थांबा!" ती पळत गेली. जरा वेळानं पाण्याचा पाइप कुंपणावरून माझ्या अंगणात पडला. "घ्या. पण झाड राहू द्या."

"इकडं ये आणि तूच घाल. पेरूपासून."

शेवटच्या लिंबाचं आळं भरेपर्यंत मी कोयता खाली ठेवला नाही.