गोदाक्कांचं पुढचं पुस्तक

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवत होतो. आजारी पडेपर्यंत गावोगाव तीच मागे स्टुलावर बसून पुस्तकं द्यायची. वाचलेली गोष्ट तिला सांगितल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नसे.

स्टूल तसंच ठेवलंय. चढावर ते सरकलं, की मी मागे बघतो. शेवटच्या वस्तीवरच्या गोदाक्कांना "तिला बरं नाही" एवढंच सांगत आलो होतो.

आज गोदाक्का गाडीत चढल्या आणि रिकाम्या स्टुलाला गोष्ट सांगू लागल्या.

"आक्का, ती..."

"गप रे. बाई गेल्याचं मला कधीच कळलंय. पण गोष्ट सांगू कुणाला, तुला? एक तरी पुस्तक उघडलंस का कधी?"

गोष्ट संपवून त्यांनी हात पुढे केला. पुढचं पुस्तक कुठलं, हे मला ठरवता आलं नाही. द्यायचं राहिलंय.