नाक आणि विमान

पडद्यावर वैद्याचा शिष्य भोपळ्यावर चीर मारून पाहत होता. चीर वाकडी गेली की गुरुजी मुकाट्याने दुसरा भोपळा पुढे सरकवत.

"दोन हजार वर्षं मागे जाऊन भाजी चिरताना बघायची का, मॅडम?" पूर्वज गौरव समितीचे अध्यक्ष घळसासी यांनी जांभई दिली.

"शस्त्रक्रियेचा सराव आहे तो, साहेब. आता रुग्ण आणतील. त्याचं कापलेलं नाक गालाच्या कातडीने पुन्हा घडवणार आहेत," मृदुला खांबेटे म्हणाली. हे एवढं पाहण्यासाठी तिने अर्धं आयुष्य घालवून काळदर्शक बांधला होता. त्यातून गेलेला क्षण एकदाच दिसे. हुकला की कायमचा हुकला.

"नाक राहू द्या हो. विमान दाखवा. वर घ्या, वर!"

"वर घारी आहेत, साहेब."

"घारच कशावरून? तुम्हाला पूर्वजांचा अभिमानच नाही बघा."

मृदुलाने आडवा घातलेला हात बाजूला सारून घळसासींनी स्वतःच भिंग आकाशाकडे फिरवलं. पडद्यावर एक ठिपका घिरट्या घालू लागला. समितीने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तयारीने आणलेले पेढे फिरवले. मृदुलाने ताट तसंच पुढे सरकवलं.

आवाज मात्र अजून खालचाच येत होता. एक माणूस कळवळत होता आणि म्हातारे वैद्य त्याला धीर देत होते. मग सगळं शांत झालं, आणि त्या माणसाने नव्या नाकाने पहिला लांब श्वास ओढला.

"ते घोरणं आधी बंद करा," घळसासी खेकसले, "विमानाची घरघर ऐकू येत नाहीये."