धुक्यातला पाहुणा

उमेंद्रने चहाचा कप घेऊन दार ढकललं, तर खाट रिकामी होती. पांघरुणाची घडी घातलेली. बूट खाटेखाली नीट जोडून ठेवलेले. पाहुणे अनवाणीच बाहेर पडले होते.

बाहेर बोदलकशाच्या तलावावर इतकं दाट धुकं होतं की विश्रामगृहाच्या पायऱ्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"लाम सर," त्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने. 

लाम व्हिएतनामहून आले होते, तिथल्या मत्स्यखात्यातले मोठे अधिकारी. दोन देशांत मासेमारीचा करार झाला होता आणि त्यातून या तलावात त्यांच्याकडच्या पद्धतीने मत्स्यपालन सुरू करायचं घाटत होतं. दुपारी जिल्हाधिकारी यायचे होते, सह्या व्हायच्या होत्या. दुभाषी मुलगीही तेव्हाच गोंदियाहून येणार होती. तोवर पाहुण्यांना सांभाळायचं काम मत्स्य विभागातल्या उमेंद्रचं. काल संध्याकाळी लाम तलावाकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगत होते. उमेंद्रला एक शब्द कळला नाही. त्याने हसून मान हलवली होती.

तो उतारावरून काठाकडे धावला. तिथे मासेमार उदाराम ढिवर आणि त्याची बायको शामकला उभे होते. चिखलात डोंगा ओढत नेल्याची खूण होती, ती थेट पाण्यात जाऊन संपत होती.

"साहेब, माहा डोंगा कोनं नेला?" उदारामने विचारलं.

उमेंद्रची नजर चिखलातल्या खुणेवर गेली. "पाहुणे खोलीत नाहीत, उदारामभाऊ."

उदाराम तलावाकडे वळला. "तो डोंगा फुटका आहे, साहेब. तळाले चीर पडली. डांबर लावाले बाजूले ठेवला होता."

"किती वेळ तरंगेल?"

"पानी उपसत राह्यलं तं तरंगते. नाई उपसलं तं नाई."

"मंग बोलत कायले उभे राह्यले?" शामकला म्हणाली. "शेजारच्या मनिरामचा डोंगा घ्या ना."

उमेंद्रला पोहता येत नव्हतं. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून तो मनिरामच्या डोंग्यात बसला. उदाराम वल्हं मारू लागला आणि काठ लगेच दिसेनासा झाला. आधी उमेंद्रच्या मनात वर्तमानपत्रं आली, वकिलातीचे फोन आले, चौकशी आली. मग काल जेवताना लामनी मोबाइलवर दाखवलेला फोटो आठवला. शाळेच्या गणवेशातली, समोरचे दात पडलेली नात. त्यानंतर त्याला बाकीचं काही आठवेना.

उदाराम थोडं जाऊन थांबायचा, हाक मारायचा, कान द्यायचा. पुन्हा पुढे. धुक्यातून एक बगळा उडाला तेवढाच.

मग आवाज आला. ठक्. जरा थांबून, ठक् ठक्.

"तेच आहेत," उमेंद्र उठायला गेला. डोंगा हलला तसा पुन्हा खाली बसला. "मदत मागताहेत. लवकर चला."

उदारामने वल्हं पाण्यात तसंच धरलं होतं. तो मान वाकडी करून ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"नाई, साहेब. मदत नाई मागून राह्यला." त्याने आणखी एकदा ऐकलं. "हा तं मासे हाकलून राह्यला."

जाळं लावून डोंग्याच्या काठावर वल्हं आपटलं की मासे बिचकतात आणि जाळ्याकडे पळतात. उदाराम रोज तेच करायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं.

आवाजाच्या रोखाने ते गेले. धुक्यात आधी एक काळी आकृती दिसली, मग लाम दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते फुटक्या डोंग्यात उभे होते. डोंग्यात पडलेलं उदारामचं जाळं त्यांनी पाण्यात लावलं होतं. घोट्यापर्यंत पाणी चढलं होतं आणि त्या पाण्यात एक चांगला हातभर रोहू त्यांच्या पायांभोवती फिरत होता. एका हाताने वल्हं आपटायचं, मध्येच वाकून टोपीने पाणी उपसायचं, असं त्यांचं चाललं होतं. या दोघांना पाहून त्यांनी रोहूकडे बोट दाखवलं आणि तोंडभर हसले.

उमेंद्रने डोळे मिटले. त्याला हसू आलं की रडू, ते त्यालाच कळेना. त्याने बाहीने तोंड पुसलं.

उदाराम मात्र तापला होता. टुणकन् उडी मारून तो आपल्या डोंग्यात गेला. "बुडून मेला असता तं? अं? पाहुना आहेस म्हनून काई बी करशील? चीर दिसली नाई तुले?"

लामनी चिरेकडे पाहिलं आणि त्यांच्या भाषेत तेवढंच लांब काहीतरी सांगितलं. मग गळ्यातला रुमाल सोडून, पिळून चिरेत ठासून दाखवला.

"हे असं नाई चालत. असं पाह्य." उदारामने रुमाल उपसला, त्याची वात वळली आणि अंगठ्याने दाबत चिरेत भरली. लाम वाकून बघत होते. त्यांनी मान हलवली, वातीचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि पुन्हा बोलू लागले. उदारामही बोलत होता. कोणीच कोणासाठी थांबत नव्हतं.

उमेंद्रचा फोन वाजला. जिल्हाधिकारी कार्यालयातून होता.

"पाहुणे उठले का?" पलीकडून विचारलं. "त्यांना जरा बोलतं करा हो. म्हणजे दुपारी सगळ्यांना अवघडल्यासारखं होणार नाही."

उमेंद्रने समोर पाहिलं. डोंग्यात दोघं उकिडवे बसून, डोक्याला डोकं लावून, एकाच टोपीने आळीपाळीने पाणी उपसत होते.

"बोलणी सुरू झालीत, सर," तो म्हणाला.