नमुन्याची खोली

"कोळ्यांचे संसार थाटले जातील त्याच्यात!" काकू म्हणाल्या. "वर सगळे खडबडीत दाणे, त्यात अडकलेली जाळी, आणि झाडू फिरवला की भुगा थेट डोळ्यांत. मला नको ते फवाऱ्याचं छत. साधा गुळगुळीत रंग मारा."

रंगारी शिडीवर उभा राहून बाहेरच्या खोलीच्या छतावर नख फिरवत होता. "काकू, भेगा बघा किती आहेत. नुसत्या रंगानं पुन्हा डोकं वर काढतील. दाणेदार फवारा मारला की भेगाही झाकल्या जातात आणि खोलीही घुमत नाही."

"घुमायला आमच्या घरात आवाज आहे कुठं? मी एकटीच बडबडते. हे बसतात मिठाची गुळणी धरून."

'हे' खिडकीपाशी बसले होते. बायको आपल्याकडे बघतेय असं दिसल्यावर काकांनी मान डोलावली. "हं. फवाराच मारून टाका."

"बघा! मी नको म्हणतेय आणि हे हं म्हणतायत!"

रंगारी हसला. काकूंना मात्र हसू आलं नाही.

काका बसचे कंडक्टर होते. डेपोत त्यांना रेडिओ म्हणायचे, कारण ते कधी बंदच व्हायचे नाहीत. जुन्या घरात तर काकूंनी एक शब्द काढला की ह्यांचे चार तयार. आमटी खारट झाली तरी त्यावर टोमणा, नाही झाली तरी टोमणा. काकू चिडायच्या, लाटणं उगारायच्या आणि आत जाऊन हसायच्या. त्या दोन खोल्यांत ट्रंका, गाद्या आणि कपाटं इतकी ठासून भरलेली की चालताना अंग चोरावं लागायचं. नवीन घराचा हट्ट काकूंचा. मोठी खोली हवी, चकचकीत फरशी हवी, मोठ्या काचा हव्यात. जुनं सामान काढून टाका म्हणाल्या, तेही त्याच. सगळं मनासारखं झालं आणि नेमकी ह्यांचीच वाचा बसली.

दोन वर्षं नुसतं हं. कधी हं, कधी बरं, कधी नुसतीच मान. काकू रोज काही ना काही सांगत राहायच्या. पालथ्या घड्यावर पाणी! मुलगी फोनवर म्हणायची, "आई, वय झालंय बाबांचं." वय कसलं डोंबलाचं? गेल्या महिन्यात दोघं डेपोतल्या जुन्या मित्राकडे गेले तर तिथं हे पोपटासारखे बोलत होते. त्या मित्राकडे हेच दाणेदार छत. तिथून आल्यापासून ह्यांनी फवाऱ्याचा ध्यास घेतला होता. काकूंना त्याचं एवढं काही नव्हतं. त्यांच्या मनात दुसरंच सलत होतं. ह्यांना हे घर आवडलेलं नाही, आणि ते घ्यायला लावणारी मी, म्हणून मीही आवडेनाशी झाले. त्यांना नवऱ्याच्या एका टोमण्याची भूक लागली होती.

शेवटी रंगाऱ्यानंच तोडगा काढला. "आमची पद्धत आहे काकू, आधी आतल्या लहान खोलीत नमुना मारायचा. वाळला की बघा. नाही पटलं तर भिजवून खरवडून देतो."

खोली रिकामी केली. बादली टेकवली तरी ढोल बडवल्यासारखं व्हायचं. रंगाऱ्यानं भिंतींना प्लॅस्टिक लावलं, यंत्र आणलं आणि छतावर फवारा मारला. तो वाळल्यावर काकू खोड काढायच्या तयारीनंच आत गेल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी मान वर केली. काका त्यांच्या मागोमाग येऊन दारात थांबले.

"दिसतंय काय, नासलेल्या दुधासारखं," काकू छताकडे बघत पुटपुटल्या. मग आणखी हळू, स्वतःशीच म्हणाल्या, "छतासाठी जीव टाकतात, आणि माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर जिवावर येतं."

"दूध नासणारच," मागून आवाज आला. "गॅसवर ठेवून शेजारणीशी गप्पा हाणत बसलं की आणखी काय होणार?"

काकू गर्रकन वळल्या. तोच सूर, तोच खवचटपणा.

"तुम्हाला ऐकू आलं? मी तर तोंडातल्या तोंडात बोलले."

काका स्वतःच चकित होऊन छताकडे बघत होते. "कान मंदावलेत गं माझे. सगळा जन्म इंजिनाच्या घरघरीत गेला. जुन्या घरात सामानाच्या गर्दीत आवाज घुमत नव्हता, निभावून जायचं. बाहेरच्या खोलीत तू बोललीस की शब्द भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळतात. मला नुसता गलका कळतो. मग म्हणतो आपलं हं. ह्या छताखाली मात्र शब्द सुटे ऐकू येतायत."

"अहो, मग सांगायचं नाही मला?"

"काय सांगणार? एवढ्या हौसेनं घेतलंस हे घर. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विकायला काढलं असतंस."

ते खरंच होतं. काकूंना राग आला, रडू आलं, आणि ह्या माणसाला एक धपाटा घालावासा वाटला. दोन वर्षांचं सगळं त्यांच्या ओठांवर आलं. मुलीनं मध्येच नोकरी सोडली होती ते. धाकट्या जावेनं अबोला धरला होता ते. एकदा छातीत दुखलं, तेव्हा घाबरून ह्यांना सांगितलं होतं, आणि हे हं म्हणाले होते, ते.

काकांनी रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बैठक मारली. दुसरी पायानं बायकोकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "इथं आल्यापासूनचं सगळं ऐकायचं राहिलंय माझं. पहिल्यापासून सांग."