फरसाणवाल्यांचा करार

"काका, तीन वर्षं तुम्हाला सोडायचं नाही, ही कसली हो दादागिरी?"

मैत्रिणींनी 'विचारून दाखवच' म्हणून डिवचलं होतं, आणि अकरावीतल्या ऋजुताने अकाउंटंट पेंढरकरकाकांना विचारलंसुद्धा! आईबाबांना फरसाणाच्या दुकानाचं हिशेबाचं काम नव्या माणसाकडे द्यायचं होतं. करार मात्र अजून वर्षभर अडवत होता.

काकांनी हसत करार उलगडला. अटीची ओळ चक्क बाबांच्या अक्षरात होती!

"तुमच्या तेलकट बिलांना वैतागून आधीचे तिघे अकाउंटंट पळाले. मीही पळू नये म्हणून बाबांनीच लिहिली गं ही. विसरले असतील. तुम्ही खुशाल जा. पण नव्या माणसाला बिलांची पिशवी दाखवलीत ना?"

ऋजुता धावतच दुकानात आली.

"आईबाबा, आपण काकांना सोडत नाही! आणि उद्यापासून बिलं मी लावणार, कोरड्या हातांनी!"